सर्कस नावाचं रिंगण

म्हैस, म्हशीला. सर्कस, सर्कशीला. परक्या भाषेतून आलेला शब्द मराठीनं असा घरच्यासारखा चालवला की समजावं, तो आता परत जाणार नाही. ‘बस’च्या वाट्याला हे आलं नाही; आपण बसमध्ये चढतो, बशीत नाही. ‘सर्कस’ला मात्र आपण स्त्रीलिंग दिलं, सामान्यरूप दिलं, आणि ‘सर्कशीतला विदूषक’ म्हणताना जीभ कुठंच अडखळत नाही. एवढ्या आपलेपणात एक गोष्ट राहून गेली. इंग्रजीत या शब्दाला सात-आठ अर्थ आहेत आणि आपण त्यातला एकच उचलला. त्यामुळे इंग्रजी मजकुरात ‘सर्कस’ दिसली रे दिसली की आपल्या डोळ्यांपुढे तंबू उभा राहतो. लंडनच्या नकाशात तंबू, रोमच्या इतिहासात तंबू, पक्ष्यांच्या पुस्तकात तंबू. प्रत्यक्षात या शब्दाच्या सबंध आयुष्यात तंबू फार उशिरा आला.

लॅटिनमध्ये हा शब्द ‘किर्कुस’ असा उच्चारला जाई. अर्थ कडं, वर्तुळ, वेढा. ग्रीकमधला ‘किर्कोस’ त्याच्याच नात्यातला. पुढे इकाराआधीचा ‘क’ मऊ होत गेला, तोही प्रत्येक मुलखात वेगळ्या तऱ्हेनं: इटालियनमध्ये ‘चिर्को’, फ्रेंचमध्ये ‘सिर्क’, जर्मनमध्ये ‘त्सिर्कुस’. इंग्रजीनं स्पेलिंग लॅटिनचंच ठेवलं आणि उच्चार फ्रेंच वळणाचा घेतला. म्हणून इंग्रजी शब्दात सी हे अक्षर दोनदा येतं आणि एकदा ‘स’ होतं, एकदा ‘क’.

याचा गोतावळा मोठा आहे. ‘किर्कुस’चं लहानगं रूप ‘किर्कुलुस’, म्हणजे छोटं कडं. त्यातून ‘सर्कल’ आला. ‘किर्कुम’ म्हणजे भोवती. त्यातून परीघवाचक शब्दांची रांगच लागली. ‘सर्किट’ म्हणजे फिरून जागेवर येणारी वाट. ‘सर्क्युलर’ म्हणजे सगळ्यांकडे फिरवायचा कागद, आणि इथं मराठी प्रतिशब्द करणाऱ्यांना दाद द्यावीशी वाटते, कारण ‘परिपत्रक’ मधला ‘परि’ अगदी हेच ‘भोवती’ सांगतो. सगळ्यांत अनपेक्षित नातलग म्हणजे ‘सर्च’. उत्तरकालीन लॅटिनमध्ये ‘किर्कारे’ म्हणजे फिरणं, भोवती हिंडणं. जुन्या फ्रेंचमधून ते इंग्रजीत आलं आणि त्याचा अर्थ ‘शोधणं’ झाला. हरवलेली वस्तू शोधणारा माणूस घरभर फिरतो, तेच हे. आपल्या ‘शोध’ची कल्पना निराळी आहे, तो ‘शुध्’ धातूचा, गाळून-निवडून स्वच्छ करण्याचा.

दोन शब्द मात्र या गोतावळ्यात घुसवू नयेत. एक ‘चक्र’. अर्थ जुळतो, पण मूळ जुळत नाही. ‘चक्र’ची खरी भावंडं ‘सायकल’ आणि ‘व्हील’. दुसरा ‘कर्सस’. इंग्लंडमधल्या स्टोनहेंजजवळ जमिनीवर एक लांबच लांब, समांतर चरांनी आखलेला पट्टा आहे. प्राचीन अवशेषांचे अभ्यासक विल्यम स्टकली यांना तो १७२३ मध्ये दिसला. ती रोमन काळातली शर्यतीची वाट असावी, असं त्यांना वाटलं आणि त्यांनी त्याला ‘कर्सस’ म्हटलं. तो निघाला नवाश्मयुगातला, रोमनांच्या कितीतरी आधीचा. नाव मात्र चिकटलं. हा शब्द ‘धावणं’ या क्रियापदापासून आलेला. ‘कोर्स’ त्याचा सख्खा भाऊ. ‘सर्कस’शी त्याचं रक्ताचं नातं नाही. स्टोनहेंजविषयीच्या मजकुरात हा शब्द ‘सर्कस’ म्हणून वाचला जाण्याचा धोका असतो, म्हणून अक्षरं मोजून वाचावीत.

रोमन लोकांसाठी ‘सर्कस’ ही रथांच्या शर्यतीची जागा. सर्वांत मोठी ती सर्कस मॅक्सिमस, म्हणजे शब्दशः ‘सर्वांत मोठं रिंगण’. पॅलेटाइन आणि ॲव्हेंटाइन या टेकड्यांमधल्या दरीत ती होती: लांबी सुमारे ६२१ मीटर, रुंदी ११८. आकडे पुन्हा वाचा. रुंदीच्या पाचपटीहून जास्त लांबी. याला वर्तुळ कोण म्हणेल? एक टोक अर्धगोल, दुसऱ्या टोकाला रथ सुटण्याचे १२ दरवाजे, आणि मधोमध एक लांब उंचवटा. आकार केसांच्या आकड्यासारखा. मग नाव ‘कडं’ कसं? कारण गोल होतं ते मैदान नव्हे, धावणं गोल होतं. उंचवट्याच्या दोन्ही टोकांना उंच शंकूंची वळणखूण असे आणि तिला वळसे घालत सात फेऱ्या व्हायच्या. या शब्दाचा गाभा मला इथं दिसतो. सर्कस म्हणजे गोल वस्तू नव्हे, गोल फिरणं, आणि त्या फिरण्याभोवती बसलेली माणसं. पुढच्या प्रत्येक अर्थात यातलं काहीतरी एक उरलं आणि बाकीचं गळून पडलं.

त्या शर्यतीची रचना बारकाईनं पाहण्यासारखी आहे. १२ दरवाजे सरळ रेषेत नव्हते. ते किंचित वक्र रेषेत बसवलेले होते, म्हणजे कडेच्या रथालाही पहिल्या वळणाच्या तोंडाशी पोचायला मधल्या रथाइतकंच अंतर कापावं लागे. पांढरं फडकं खाली पडलं की दरवाजे एकदम उघडत. फेऱ्या मोजायला उंचवट्यावर सात अंडी मांडलेली असत, आणि पुढे इ.स.पू. ३३ मध्ये अग्रिप्पा या रोमन सेनापतीनं सात डॉल्फिनही बसवले. लाख-दीड लाखाच्या गर्दीत शेवटच्या रांगेतल्या माणसालाही किती फेऱ्या झाल्या ते कळावं, ही सोय.

अपघात बहुतेक वळणावर होत, आणि त्याचं कारण साधं होतं. जो रथ खुणेला जितका चिकटून वळेल तितकं अंतर वाचणार. म्हणून प्रत्येकाला आतली कड हवी. पण चाकाचा तुंबा खुणेच्या चौथऱ्याला घासला की चाक निखळलंच. आतल्या बाजूचा घोडा आखडावा लागे, बाहेरचा सोडावा लागे, आणि चार घोड्यांच्या रथात हे हातांच्या जोरावर होत नसे. म्हणून सारथी लगाम कमरेला गुंडाळून घेत आणि सगळं अंग मागं किंवा बाजूला झोकून वळण घेत. रथ उलटला तर तोच लगाम त्यांना घोड्यांमागं फरफटत नेई. सुटका करून घ्यायला कमरेला एक वाकडी सुरी असे. या मोडतोडीला रोमन लोक ‘जहाज फुटणं’ म्हणत.

आता ‘ब्रेड अँड सर्कसेस’. हा वाक्प्रचार इंग्रजी वर्तमानपत्रांत सतत भेटतो. मूळ जुव्हेनल या रोमन उपहासकाराच्या दहाव्या कवितेत आहे: एकेकाळी सेनापतिपदं आणि सैन्यदळं वाटणारी जनता आता दोनच गोष्टींसाठी जीव टाकते, ‘पानेम एत किर्केन्सेस’. यातला ‘किर्केन्सेस’ हे ‘किर्कुस’चं अनेकवचन नाही. ते विशेषण आहे. पूर्ण शब्दयोजना ‘लुदी किर्केन्सेस’, म्हणजे रिंगणातले खेळ, मुख्यतः रथांच्या शर्यती. इंग्रजीनं त्याचं ‘सर्कसेस’ केलं. आज मराठीत ‘भाकरी आणि सर्कस’ केलं की वाचकाला विदूषक दिसतो, झोपाळे दिसतात, आणि जुव्हेनलच्या वाक्यातला राग निघून जातो. त्याला लहान मुलांची करमणूक म्हणायची नव्हती. सरकारी धान्य घेणारे दोन लाखांहून जास्त नागरिक, आणि शर्यतींतल्या निळ्या-हिरव्या-तांबड्या-पांढऱ्या गटांच्या नावानं एकमेकांच्या जिवावर उठणारे शौकीन, हे त्याच्यापुढचं चित्र. ‘भाकरी आणि शर्यती’ हे भाषांतर कानाला सपाट लागतं, पण अर्थाला धरून आहे. मजकूर आजच्या राजकारणाचा असेल तर ‘भाकरी आणि करमणूक’ चालेल.

इंग्रजीत हा शब्द चौदाव्या शतकापासून आहे, आणि पुढची साडेतीनशे वर्षं तो रोमविषयी बोलतानाच वापरात होता. अठराव्या शतकात मात्र तो जवळजवळ एकाच वेळी दोन निराळ्या वाटांनी निघाला. एक वाट घरं बांधणाऱ्यांची, दुसरी घोडेस्वारांची.

घरांची वाट इंग्लंडमधल्या बाथ या गावातून निघते. जॉन वुड (थोरला) या वास्तुकारानं १७५४ मध्ये तिथं गोलाकार घरांच्या ओळीचं काम सुरू केलं, त्याच वर्षी तो वारला, आणि त्याच्या मुलानं ते १७६८ मध्ये पूर्ण केलं. नाव ‘द सर्कस’. व्यास ३१८ फूट, घरं ३३, तीन सारख्या कमानदार तुकड्यांत विभागलेली. दोन तुकड्यांच्या मधून एक, असे तीन रस्ते आत येतात. यात खुबी अशी की कुठल्याही रस्त्यानं आत शिरा, समोर दुसरा रस्ता दिसत नाही. समोर घरांची भिंतच उभी असते. दोन किंवा चार रस्ते ठेवले असते तर नजर आरपार निघून गेली असती आणि गोलाईचा भास मोडला असता. दर्शनी भागावर एकावर एक तीन मजल्यांचे स्तंभ आहेत: खाली डॉरिक, मध्ये आयोनिक, वर कोरिंथियन. हाच क्रम रोमच्या कलोसियमच्या बाहेरच्या भिंतीवर आहे. वुडनं कलोसियम जणू आतलं बाहेर करून उलटवलं. तिथं बाहेरून दिसणारे खांब इथं आत उभं राहून पाहायचे.

लंडननं हा अर्थ उचलला आणि रस्त्यांना लावला. सेंट जॉर्जेस सर्कस १७७१ ची, पिकॅडिली सर्कस १८१९ ची. जिथं मोठे रस्ते मिळतात तिथं कोपऱ्यांवरच्या इमारतींची तोंडं आत वळवलेली, अंतर्वक्र, म्हणजे चौकात उभ्या असलेल्याला आपण एका गोल दालनात आहोत असं वाटावं. म्हणून शहराच्या अर्थानं ‘सर्कस’ हा शब्द इमारतींविषयी आहे, वाहतुकीविषयी नाही. मधल्या गोलाला वळसा घालून गाड्या जातात तो ‘राउंडअबाउट’. हे दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी टाकणं ही नेहमीची चूक. पिकॅडिली सर्कशीची गोलाई तर १८८६ मध्ये शाफ्ट्सबरी ॲव्हेन्यू फोडताना गेलीच; एक बाजू पाडली गेली, नाव राहिलं. अमेरिकेत अशा जागांना सहसा ‘सर्कल’ म्हणतात, त्यामुळे रस्त्याच्या नावात ‘सर्कस’ दिसली की मजकूर ब्रिटिश वळणाचा आहे, असं समजायला हरकत नाही.

या अर्थाच्या व्याकरणाची एक खूण आहे. बाथची सर्कस ‘द’ घेते. लंडनच्या सर्कशी घेत नाहीत. ‘ॲट ऑक्सफर्ड सर्कस’, मध्ये काही नाही. प्राण्यांच्या-झोपाळ्यांच्या सर्कशीला मात्र ‘द’ लागतोच: ‘गो टू द सर्कस’, ‘जॉइन द सर्कस’. म्हणजे आधी स्थळनाम, ‘द’ गायब, आणि पहिलं अक्षर मोठं असेल तर तो रस्ता. मराठीत आणताना त्याला ‘चौक’ जोडू नये, नावाचं भाषांतरही करू नये. नाव तसंच ठेवावं. ब्रिटिश बोलण्यात ‘इट्स लाइक पिकॅडिली सर्कस इन हिअर’ असं वाक्य येतं. तिथंही तंबू नाही. माणसांची ये-जा थांबत नाही, एवढाच त्याचा अर्थ. आपण अशा घराला ‘धर्मशाळा झालीय’ म्हणतो. रोख अगदी तोच नाही, पण भाव जवळचा.

आता घोडेस्वारांची वाट. ती मला सगळ्यांत आवडते, कारण इथं शब्दातलं रिंगण पुन्हा खरोखरच्या गरजेतून उभं राहिलं.

फिलिप ॲस्टली हा घोडदळातला निवृत्त सार्जंट मेजर. १७६८ मध्ये त्यानं लंडनच्या लॅम्बेथ भागात उघड्यावर घोडेस्वारीच्या कसरती दाखवायला सुरुवात केली. सरळ रेषेत धावणाऱ्या घोड्याच्या पाठीवर उभं राहणं अवघड, आणि प्रेक्षकाला तर ते क्षणभरच दिसणार. घोडा गोल फिरवला की दोन्ही प्रश्न एकदम सुटतात. व्यास किती ठेवायचा हे करून पाहता पाहता तो ४२ फुटांवर स्थिरावला, म्हणजे सुमारे १२.८ मीटर. आजही सर्कशीचं रिंगण साधारण १३ मीटरच असतं.

४२ फूटच का? साधं गणित मांडून पाहू. घोडा कडेला धरून धावतो तेव्हा त्याच्या वाटेची त्रिज्या सहा मीटरच्या आसपास असते, एक फेरी सुमारे ३८ मीटरची. संथ दौडीचा वेग सेकंदाला पाच मीटर धरला तर फेरीला साडेसात सेकंद लागतात. या वेगात, या वळणावर, पाठीवर उभ्या असलेल्या स्वाराला तोल राखायला आतल्या बाजूला सुमारे २३ अंश झुकावं लागतं. एवढा झुकाव माणसाचे घोटे आणि घोड्याचे खूर दोन्ही पेलतात. बाहेर ढकलणारा जोर आणि स्वाराचं वजन मिळून त्याचे पाय घोड्याच्या पाठीत दाबून धरतात. रिंगण निम्मं केलं तर त्याच वेगाला झुकाव ४० अंशांवर जातो, आणि जमीन ओली असेल तर घोडाच घसरतो. दुप्पट केलं तर झुकाव १२ अंशांवर येतो. तो बाहेरचा जोर पातळ होतो आणि स्वाराला जवळजवळ सरळ रस्त्यावरच्यासारखा स्वतःचा तोल स्वतःच सांभाळावा लागतो.

यातच पुढची गोष्ट दडलेली आहे. झुकाव वेगावर अवलंबून, आणि तोही वेगाच्या वर्गावर. घोडा मध्येच मंदावला तर तेवढाच झुकलेला स्वार आत कोसळतो. मध्येच उसळला तर बाहेर फेकला जातो. म्हणून स्वारापेक्षाही घोड्याची चाल एकसारखी राहणं महत्त्वाचं. ती राखणारा माणूस रिंगणाच्या मध्यबिंदूवर उभा राहतो, लांब चाबूक घेऊन, कारण तिथून घोडा कुठंही असला तरी अंतर सारखंच. हा ‘रिंगमास्टर’. घोषणा करणारा झगमगीत कोटातला माणूस ही त्याची नंतरची ओळख; मुळात तो घोड्याचा वेग सांभाळणारा. घोड्याच्या पाठीवर राळ चोळत, म्हणजे पाय सरकत नाहीत. अशा रुंद पाठीच्या, न बिचकणाऱ्या घोड्याला इंग्रजी सर्कशीतले लोक ‘रोझिनबॅक’ म्हणतात, राळेच्या पाठीचा. रिंगणाचं माप एकदा पक्कं झाल्यावर दुसराही लाभ झाला: एका गावात शिकवलेला घोडा दुसऱ्या देशातल्या रिंगणात तीच पावलं मोजून धावू शकला.

ॲस्टलीनं स्वतःच्या जागेला ‘सर्कस’ म्हटलं नाही. तो ‘रायडिंग स्कूल’ आणि पुढे ‘अँफिथिएटर’ म्हणत राहिला. नाव दिलं ते त्याच्या प्रतिस्पर्ध्यांनी. चार्ल्स ह्यूज हा घोडेस्वार आणि चार्ल्स डिब्डिन हा संगीतकार-नाटककार, या दोघांनी नोव्हेंबर १७८२ मध्ये ‘रॉयल सर्कस’ उघडली. ती होती सेंट जॉर्जेस फील्ड्समध्ये, वर उल्लेख आलेल्या सेंट जॉर्जेस सर्कशीच्या शेजारी. एकाच शब्दाचे दोन नवे अर्थ लंडनमध्ये काही पावलांच्या अंतरावर नांदत होते.

तंबू आला तो अमेरिकेत. १८२५ मध्ये जोशुआ पर्डी ब्राउन यानं कापडी मांडवात खेळ लावले. त्याआधी सर्कशी लाकडी किंवा पक्क्या इमारतींत होत. तंबूमुळे सर्कस गावोगाव फिरू लागली, आणि ‘फिरणं’ या शब्दाला नवा पदर मिळाला. आता रिंगणात घोडा फिरतो आणि देशभर रिंगण फिरतं. मिरवणुकीत वाजंत्री वाहणारी सजवलेली गाडी म्हणजे ‘बँडवॅगन’; लोक तिच्यावर चढू पाहत, म्हणून आज जिंकणाऱ्या बाजूला जाऊन मिळणं म्हणजे ‘बँडवॅगनवर उडी मारणं’. १८८२ मध्ये बार्नम या अमेरिकन सर्कसमालकानं लंडनच्या प्राणिसंग्रहालयातून विकत घेतलेल्या हत्तीचं नाव जंबो. त्यानंतर मोठं ते सगळं ‘जंबो’ झालं.

शब्दाचं नाव खराब झालं तेही अमेरिकेतच. बार्नमच्या मंडळींनी १८८१ मध्ये एका तंबूत तीन रिंगणं लावली. तिन्हींत एकाच वेळी खेळ. प्रेक्षकाला कुठं पाहावं ते कळेना, एक पाहावं तर दोन सुटावेत. त्यातून ‘थ्री-रिंग सर्कस’ म्हणजे धड काही कळू न देणारा गोंगाट, हा वाक्प्रचार रुळला. पुढे ‘नुसती सर्कस आहे’ एवढं म्हटलं तरी गोंधळ, बेशिस्त, दिखाऊपणा असा अर्थ लागू लागला. मला हा अन्याय वाटतो आणि तो बोलून दाखवावासा वाटतो. गोंधळ प्रेक्षकाच्या डोळ्यांत होता; रिंगणात नव्हता. तीन रिंगणांत एकाच वाद्यवृंदाच्या तालावर खेळ सुरू व्हायचे आणि संपायचे. पुढच्या चमूचं सामान मागच्या खेळाच्या ठरलेल्या क्षणी आत यायचं. वाद्यवृंदानं एक विशिष्ट मार्च वाजवला की संकट आहे, प्रेक्षकांना न घाबरवता बाहेर काढा, असा आतल्या लोकांचा संकेत होता. ६ जुलै १९४४ ला हार्टफर्डमध्ये रिंगलिंग सर्कशीच्या तंबूला आग लागली तेव्हा वाद्यवृंदानं तोच मार्च सुरू केला आणि वादक शक्य तोवर वाजवत राहिले. त्या तंबूचं कापड पाण्यापासून वाचवायला पॅराफिन मेण पेट्रोलमध्ये विरघळवून लावलेलं होतं, म्हणून तो काही मिनिटांत जळाला आणि दीडशेहून अधिक माणसं गेली. चूक होती ती कापडावरच्या लेपात. वादकांनी शिस्त सोडली नव्हती.

मराठीत मात्र या शब्दाला असा डाग लागला नाही, आणि भाषांतरात सगळ्यांत मोठा खड्डा नेमका इथंच आहे. ‘दोन नोकऱ्या आणि लहान मूल, रोजची सर्कस आहे’ असं आपण म्हणतो तेव्हा त्यात कष्ट असतात, तोल असतो, थोडं कौतुकही असतं. आपली ‘सर्कस’ ‘तारेवरच्या कसरती’ची बहीण आहे. इंग्रजीत कुणी ‘द मीटिंग वॉज अ सर्कस’ म्हटलं तर त्यात कौतुकाचा अंशही नाही. सभेचा विचका झाला, एवढंच. म्हणून ‘मीडिया सर्कस’चं ‘माध्यमांची सर्कस’ केलं तर मराठी वाचकाला वाटेल, बिचाऱ्या माध्यमांची फार ओढाताण होते आहे. तिथं ‘माध्यमांचा तमाशा’ हवा. आणि हा शब्द लिहिताना हात जरा थांबतो, कारण आपणही तेच केलं आहे. ‘तमाशा करू नका’ म्हणताना एका कसलेल्या लोककलेचं नाव आपण शिवीसारखं वापरतो. ‘तमाशा’ फारसीतून आला आणि त्याच्या मुळाशी अरबीतलं ‘चालणं’ आहे. हिंडत पाहायचं ते दृश्य. तोही फिरण्यातूनच निघालेला. उलट दिशेनं, मराठी ‘रोजची सर्कस’ इंग्रजीत नेताना ‘सर्कस’ वापरू नये. ‘जगलिंग’ किंवा ‘बॅलन्सिंग ॲक्ट’ जवळचे.

‘मीडिया सर्कस’मध्ये मूळचं काय उरलं आहे? एका माणसाभोवती कॅमेऱ्यांचं कडं, आणि पाहणाऱ्यांची गर्दी. कौशल्य गेलं, कडं राहिलं. पोलिश भाषेत एक म्हण आहे, ‘माझी सर्कस नाही, माझी माकडं नाहीत’. अलीकडे इंग्रजीनंही ती सरसकट उचलली आहे. आपला काय संबंध, हा तिचा अर्थ, आणि सर्कस इथंही दुसऱ्याच्या घरचा गोंधळच.

फिरतीचा पदर धरून आणखी एक अर्थ निघाला: एकत्र मुक्काम हलवणारा जथा. इंग्रजी क्रीडापत्रकार ‘फॉर्म्युला वन सर्कस’ लिहितात तेव्हा ते टीका करत नसतात. चालक, गाड्या, तंत्रज्ञ, पत्रकार असा सगळा कबिला आज या देशात तर दोन आठवड्यांनी त्या देशात, एवढंच सांगायचं असतं. मराठीत ‘ताफा’ किंवा ‘फड’ लिहावं. पहिल्या महायुद्धात रिख्टहोफेन या जर्मन लढाऊ वैमानिकाच्या हाताखाली जून १९१७ मध्ये जर्मन लढाऊ विमानांच्या चार तुकड्या एकत्र केल्या गेल्या. विमानं भडक रंगांत रंगवलेली, आणि आघाडी सरकेल तसा सगळा तळ रेल्वेनं हलायचा, तंबूंसकट. त्याला ‘फ्लाइंग सर्कस’ म्हणू लागले. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात हेच नाव गावोगाव हवाई कसरती दाखवणाऱ्यांनी घेतलं.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाईदलानं ‘सर्कस’ हे एका डावपेचाचंच नाव केलं. जानेवारी १९४१ पासून अशा मोहिमा सुरू झाल्या: थोडी बॉम्बफेकी विमानं आणि त्यांच्याभोवती लढाऊ विमानांची भलीमोठी फळी. बॉम्बफेक दुय्यम, शत्रूची लढाऊ विमानं वर यावीत म्हणून बॉम्बफेकी विमानांचं आमिष. बॉम्बफेक हाच मुख्य हेतू असेल तर त्या मोहिमेला ‘रॅमरॉड’ म्हणत, आणि नुसती लढाऊ विमानं गेली तर ‘रोडिओ’. युद्धाच्या इतिहासात मोठ्या अक्षरानं ‘सर्कस’ आणि पुढे क्रमांक दिसला तर तो हा अर्थ.

गेल्या काही दशकांत शब्दाच्या व्याकरणात एक बदल होतो आहे, आणि तो मला आशादायक वाटतो. पूर्वी ‘अ सर्कस’ किंवा ‘द सर्कस’ असायची, म्हणजे एखादी कंपनी, एखादा तंबू. आता ‘शी टीचेस सर्कस’, ‘सर्कस स्किल्स’ असं नुसतं, मोजता न येणारं नाम वापरतात, जसं संगीत किंवा नृत्य. फ्रान्समध्ये १९८५ मध्ये शालाँमध्ये सर्कस-कलांचं राष्ट्रीय केंद्र उभं राहिलं, कॅनडात १९८४ मध्ये सिर्क द्यू सोलेई ही सर्कस कंपनी. प्राण्यांशिवायची ही सर्कस एक शिकण्याची विद्या झाली. रिंगलिंग सर्कस २०१७ मध्ये बंद पडली आणि २०२३ मध्ये प्राण्यांशिवाय पुन्हा सुरू झाली. मराठीत या अर्थाला ‘सर्कसविद्या’ म्हणायला काय हरकत आहे?

फ्रेंच ‘सिर्क’चाच भूगोलातला अर्थ इंग्रजीत ‘सर्क’ म्हणून आला. हिमनदीनं डोंगराच्या कुशीत कोरलेला, तीन बाजूंनी कडे आणि एक बाजू उघडी असा वाडगा. मराठी पाठ्यपुस्तकांत तो ‘हिमगव्हर’. पिरेनीज पर्वतातला गावार्नीचा सिर्क प्रसिद्ध आहे. प्रेक्षागृहासारखाच आकार, फक्त पाहणारे कुणी नाहीत.

आणि शेवटी पक्षी. पक्ष्यांच्या पुस्तकात शास्त्रीय नावाच्या पहिल्या शब्दात, तिरप्या ठशात, ‘सर्कस’ दिसते: सर्कस मॅक्रोरस, सर्कस एरुजिनोसस, सर्कस पायगार्गस. हे हॅरियर गटातले शिकारी पक्षी. १७९९ मध्ये लासेपेद या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञानं या प्रजातीला हे नाव दिलं. ग्रीकमध्ये ‘किर्कोस’ म्हणजे कडं, तसाच एक शिकारी पक्षीही. गोल घिरट्या घालतो म्हणून तो ‘किर्कोस’, असं परंपरा सांगते. ‘मॅक्रोरस’ म्हणजे लांब शेपटीचा. या नावाचं भाषांतर करायचं नसतं. ते जसंच्या तसं ठेवायचं आणि शेजारी मराठी नाव द्यायचं. ते नाव आपल्याकडे आधीपासून आहे. पंख इंग्रजी व्ही अक्षरासारखे किंचित वर धरून, गवताळ रानावर जमिनीला लागून, पुन्हा पुन्हा त्याच पट्ट्यावरून फिरत उंदीर-टोळ हुडकणाऱ्या या पक्ष्याला मराठीत ‘भोवत्या’ म्हणतात.